काचेच्या जगाला बिजागरीचं झाकण बसवतात तरी कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोळी माळ्यावर एक काचेचा जग सापडला, फुंकून केलेला वाटतो, गळ्याला धातूची पट्टी आहे आणि तिला बिजागरीचं झाकण. असे जग बनवत कसे? आणि पट्टी आता सैल झालीये, फेविक्विकने चिकटवली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नका चिकटवू. का नको, ते कळायला पहिल्याचं उत्तर लागतं, तेव्हा जरा दमानं वाचा.

मी मूळचा कराडचा, नोकरी कॉम्प्युटरची, राहायला बर्मिंगहॅमला. काही वर्षांपूर्वी डोक्यात काय आलं कोण जाणे, इथून वीसेक किलोमीटरवरच्या स्टोरब्रिजकडे काच फुंकायच्या संध्याकाळच्या वर्गाला जायला लागलो, आणि मग त्याच नादात चांदीकामाच्या वर्गालाही. म्हणजे मी ना धड काचवाला, ना धड सोनार. पण दोन्हीकडे बोटं भाजून घेतली आहेत, आणि तुमच्या जगासाठी नेमकी हीच दोन कामं लागतात.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तो क्लॅरेट जग असावा. क्लॅरेट म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोची लाल वाइन. बाटलीच्या बुडाशी गाळ बसतो, तो मागे ठेवून वरची वाइन हलक्या हाताने अशा जगात ओतून घ्यायची आणि मग जग टेबलावर मिरवायचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या खाऊनपिऊन सुखी घरांत याची फार हौस होती. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी विजेने चांदीचा मुलामा चढवायचं पेटंट घेतलं, १८४५ मध्ये काचेवरचा अबकारी कर उठला, आणि ही चैन मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली. काच स्टोरब्रिजची आणि धातुकाम बर्मिंगहॅमचं, अशी जोडी इथे सहज जमत असे. अमेरिकेत याच जातीचे छोटे जग काकवीसाठी असायचे, त्यांना कथलाच्या मिश्रधातूचं झाकण. जर्मनीत बिअरच्या मगांना तसंच झाकण, पण त्याची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

आता काच. साधारण दीड मीटर लांबीची पोकळ पोलादी नळी, तिला आपण फुंकनळी म्हणू. भट्टीत काच अकराशे अंशांच्या आसपास असते, घट्ट मधासारखी. नळीचं टोक त्यात बुडवून फिरवलं की गोळा चिकटून वर येतो. तिथपासून शेवटपर्यंत नळी फिरवतच राहायची. बोलायला म्हणून थांबलात की गोळा एका बाजूला ओघळलाच. पहिल्या महिनाभरात मी जे काही केलं ते सगळं तोल गेलेल्या वांग्यासारखं दिसायचं. आकार देण्यासाठी कुठलं भारी यंत्र नाही, तर ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी. ती तळहातावर घ्यायची आणि लालभडक काच तिच्यावर फिरवायची. वाफ उठते, कागद करपल्याचा वास येतो, आणि हातात फक्त शेकल्यासारखं वाटतं. सकाळी वाचलेला अग्रलेख संध्याकाळी असा कामी येतो. जुन्या कारखान्यांत बहुतेक वेळा साच्यात फुंकत, म्हणजे पोटाचा आकार दर वेळी सारखा येई.

गळा मात्र हातानेच आवळायचा. मोठ्या चिमट्यासारखं एक हत्यार असतं, त्याला जॅक म्हणतात. पात्यांना मेण चोळायचं, म्हणजे काच चिकटत नाही. आणि इथेच एक गंमत मला उशिरा कळली. साध्या जगाला ओठ काढून चोच करावी लागते. झाकणाच्या जगात चोच बहुतेकदा धातूचीच असते, त्यामुळे काचवाल्याने फक्त सरळ, गोल नळकांडं द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण हाताने केलेला गळा कधीच पुरता गोल नसतो. म्हणून तो मुद्दाम लांब ठेवतात, काच थंड झाल्यावर कापतात आणि चाकावर घासून सपाट करतात.

थंड करणं हेही कामच आहे. साधी काच पाचशे अंशांच्या आसपासच्या पेटीत ठेवून रात्रभर हळूहळू उतरवावी लागते. उघड्यावर ठेवली तर बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागे राहतो, आणि पोटात ताण साठतो. तो कधी फुटेल ते काच ठरवते, आपण नाही.

आता झाकण. माणसं विचारतात काच कशी फुंकतात, पण खरी मेख धातू आणि काच जिथे भेटतात तिथे आहे. काच तापली की जितकी वाढते त्याच्या दुपटीने चांदी वाढते, आणि कथील तर अडीच पटीने. थंडीत तेच उलटं, धातू जास्त आवळतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, तरी पहिला जग करताना सोनाराची ऐट अंगात आली. पितळेची पट्टी गळ्यावर इतकी अचूक बसवली की मध्ये कागद जाणार नाही. घरी आणून बायकोला दाखवला, त्यात बर्फाचं पाणी भरलं. दोन मिनिटांत ‘टिक्’ असा बारीक आवाज आला आणि काठापासून खांद्यापर्यंत एक केस उमटला. हिशोब नंतर केला. पाच सेंटिमीटर व्यासाच्या गळ्यावर पस्तीस अंशांच्या फरकाने पट्टी काचेपेक्षा मिलिमीटरच्या साठाव्या भागाइतकीच जास्त आवळते. हे फार नाही. पण गळा पुरता गोल नव्हता, त्यामुळे सगळा दाब दोन-तीन बिंदूंवर आला. चहूकडून सारखं दाबलं तर काच पुष्कळ सोसते, एका जागी टोचलेलं तिला सहन होत नाही.

तेव्हा मला आजीचा कंदील आठवला. आमच्या कराडशेजारच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. उचलला की त्याची काच आतल्या आत खुळखुळायची आणि लहानपणी मला वाटायचं की कंदील बिघडलाय. ती सैल होती म्हणूनच ज्योतीशेजारी टिकत होती.

जगात खुळखुळणारी पट्टी चालत नाही, ओतताना झाकणासकट हातात येईल. म्हणून जुन्या कारागिरांनी मधला मार्ग काढला: पट्टी गळ्यापेक्षा थोडी मोठी करायची आणि मधली फट प्लॅस्टर ऑफ पॅरिसने भरायची. होय, हाड मोडल्यावर घालतात तेच. आळताना ते किंचित फुगतं, त्यामुळे फट गच्च भरते. गळा बाहेरून खरखरीत ठेवलेला असतो, त्याला ते धरून राहतं. आणि काचेच्या मानाने ते मऊ, त्यामुळे धातूने आवळलं की आधी प्लॅस्टर चिरडतं, काच वाचते. चांगल्या जगात धातू काचेला कुठेच टेकलेला नसतो. तुमच्या पट्टीच्या आतल्या काठाशी पांढरी भुकटी दिसत असेल तर ती घाण नव्हे, हेच ते.

यामुळे कामाचा क्रमही ठरून जातो. चांदीचा डाख सातशे अंशांच्या पुढे वितळतो, म्हणजे काच जवळपास असताना तो देताच येत नाही. म्हणून आधी काच करायची, तिच्या गळ्याचं माप घ्यायचं, त्या मापाने पट्टी, झाकण, बिजागरी सगळं जोडून, घासून, चकचकीत करून पुरं करायचं आणि अगदी शेवटी गळ्यावर चढवायचं. एका जगाचं झाकण दुसऱ्याला सहसा बसत नाही ते यामुळेच.

बिजागरी हा त्यातला सगळ्यात चिवट भाग. चांदीच्या पट्टीची बारीक नळी करायची, सोनार तार ओढतात तशी भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून. तिचे तीन किंवा पाच तुकडे करायचे. एकाआड एक तुकडा झाकणाला, उरलेले गळ्याच्या पट्टीला. सगळे एका रेषेत धरून डाख द्यायचा, आणि तो डाख दोन तुकड्यांच्या फटीत शिरता कामा नये. शिरला की बिजागरीची झाली कांडी. त्यासाठी फटीत खडूचा लेप लावतात. आमच्या वर्गात तर ऑफिसातली खाडाखोड करायची पांढरी शाई लावायचे, खिडकी उघडी ठेवून. माझ्या पहिल्या तीन बिजागऱ्या कांड्याच झाल्या. चौथी हलली तेव्हा मी अर्धा तास नुसतं झाकण उघड-मीट करत बसलो होतो. शेवटी खीळ घालून दोन्ही टोकं हलक्या हातोडीने पसरवायची.

जर्मन मगांचं वेगळं म्हणालो ते असं की तिथे झाकण गळ्याला नसून कानाला पकडलेलं असतं. कथलाचा मिश्रधातू सव्वादोनशे-अडीचशे अंशांतच वितळतो, त्यामुळे कानाभोवती साचा बांधून त्याचा पट्टा ओततात, आणि अंगठ्याने दाबून झाकण उघडायला वर एक खुंटी ठेवतात. तिथे प्लॅस्टरचा संबंध नाही.

आता तुमचा जग ओळखायचा कसा? भिंग घ्या आणि धातूवरचे बारीक शिक्के पाहा. चालणारा सिंह दिसला तर चांदी अस्सल, म्हणजे साडेब्याण्णव टक्के. शेजारी जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमची, बिबट्याचं तोंड असेल तर लंडनची, जुन्या मालावर मुकुट असेल तर शेफील्डची. एक सुटं अक्षर असतं, त्यावरून वर्ष काढता येतं. झाकणावरही शिक्का हवा, नसेल तर झाकण नंतर बदललेलं असू शकतं. ‘ई पी एन एस’ अशी अक्षरं असतील तर जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा आहे. निराश होऊ नका, ख्रिस्तोफर ड्रेसर या डिझायनरने १८८० च्या आसपास ह्यूकिन अँड हीथ या कंपनीसाठी केलेले मुलाम्याचे जग आज संग्रहालयांत आहेत. काचेचा कान असेल तर तो कुठे जाड आहे तेही पाहा. वर जाड आणि खाली निमुळता असेल तर वरून खाली ओढलेला, म्हणजे जुनी पद्धत. साधारण १८७० नंतर खालून चिकटवून वर न्यायची रीत पडली, त्यात जाड भाग खाली येतो.

आता फेविक्विक. ते फटीत भरत नाही, जिथे टेकेल तिथेच दगडासारखं धरतं, म्हणजे माझ्या बर्फाच्या जगाचीच गत. शिवाय पुढे कुणाला ते काढणं अवघड जाईल. सिंहाचा शिक्का निघाला तर जग सरळ जाणकाराकडे न्या. मुलाम्याचा निघाला तर घरी करायला हरकत नाही. गळ्याचा भाग कोमट पाण्यात बुडवून ठेवा, गरम नव्हे. प्लॅस्टर पाण्याने मऊ पडतं. तुमची पट्टी सैल झाली तीही बहुधा कुणीतरी जग हौदात बुडवून घासल्यामुळेच. जोर न लावता पट्टी निघाली तर निघू द्या, जुनं प्लॅस्टर लाकडी काडीने खरवडा, सुरी नको. नवं प्लॅस्टर श्रीखंडापेक्षा पातळ आणि बासुंदीपेक्षा दाट कालवा, पट्टीच्या आतून लावा आणि बसवा. बिजागरी बरोबर कानाच्या वर आणि चोच समोर आली पाहिजे. हे ठरवायला पाचेक मिनिटंच मिळतात, तेव्हा आधी कोरडी तालीम करा. बाहेर आलेलं लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्या.

जुनी जड, नितळ काच बरेचदा शिशाची असते, तेव्हा त्यात सरबत किंवा वाइन साठवून ठेवू नका, शोभेलाच ठेवा. आणि प्लॅस्टर वाळेपर्यंत दोन दिवस झाकण उघडंच राहू द्या, मिटलं की त्याचं वजन पट्टीला एका बाजूला खेचतं.