पिसवा उंदरावर थोड्या, सतरंजीखाली फार

वाचकांचे प्रश्न : पाळीव प्राणी

प्रश्न : लेकानं दोन पांढरे उंदीर पाळलेत. पंधरा दिवसांपासून ते सारखे खाजवतात, मानेवर खपल्याही आल्यात. आमच्याही घोट्यांना रात्री काहीतरी चावतंय. पिसवा असतील का? शेजारी म्हणतात, गोठ्यातलं गोचिडाचं औषध पाण्यात टाकून अंघोळ घाला. (एक वाचक, परभणी)

उत्तर : आधी ती बाटली गोठ्यात परत ठेवा. गोचिडाच्या औषधात डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ असतं, आणि त्याचं प्रमाण गाई-म्हशींसाठी धरलेलं असतं. तुमचा उंदीर फार तर अर्ध्या किलोचा. शिवाय उंदीर दिवसभर स्वतःला आणि सोबत्याला चाटून साफ करत असतो. अंगाला लावलेलं सगळं शेवटी पोटातच जातं.

आता खाजेचं. पिंजऱ्यातल्या उंदरावर पिसवांपेक्षा उवा आणि खरजेचे किडे जास्त सापडतात. उंदराची ऊ लांबट, फिकट आणि मंद चालीची असते, तिच्या लिखा केसांना घट्ट चिकटलेल्या दिसतात, आणि ती माणसाला चावत नाही. खरजेचे किडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण मान, खांदे आणि कानामागं खपल्या धरतात. म्हणजे तुमच्या पत्रातल्या खपल्यांवरून किड्यांचा संशय येतो, घोट्यांच्या चाव्यांवरून पिसवांचा. दोन्ही एकदम असू शकतं.

खात्री करायला घरातली उवांची फणी पुरे. उंदराला पांढऱ्या कागदावर घ्या आणि शेपटीच्या बुडाकडून मानेपर्यंत थोडे थोडे केस धरून फणी फिरवा. कागदावर मिरपुडीसारखे काळे कण पडले तर त्यावर पाण्याचा थेंब सोडा. मिनिटभरात थेंबाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कण तसाच राहिला तर साधी माती. पिसू स्वतः दोन-तीन मिलिमीटरची, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी. चिमटीत दाबून ती मरत नाही, सोडली की उडी मारते. नखावर नख ठेवून टक् वाजेपर्यंत दाबावं लागतं, नाहीतर साबणाच्या पाण्यात टाकायची. उडी न मारणारे, रक्त पिऊन लाल झालेले बारीक ठिपके पिंजऱ्याच्या सांध्यात फिरताना दिसले, तर ते उंदरावरचे रक्तपिपासू माइट. तेही माणसाला चावतात.

औषध म्हणाल तर जनावरांच्या डॉक्टरांना सेलामेक्टिनबद्दल विचारा. मानेवर लावायचं हे औषध पिसवा, उवा आणि खरजेचे किडे, तिन्हींवर चालतं. गावोगावी सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन उवा-किड्यांवर चालतं, पण पिसवांवर त्याचा भरवसा नाही. उंदरासाठी सेलामेक्टिनचं प्रमाण सहसा किलोला ६ ते १२ मिलिग्रॅम धरतात. मांजरांच्या नळीत एका मिलीत ६० मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे ३०० ग्रॅमच्या उंदराला ०.०५ मिली, जेमतेम एक थेंब. इथंच दोन चुका होतात. पहिली, स्वस्त पडते म्हणून मोठ्या कुत्र्याची नळी आणली जाते. तिच्यात औषध दुप्पट तीव्र, १२० मिलिग्रॅमचं असतं. दुसरी चूक इन्सुलिनच्या सिरिंजची. ४० युनिटच्या सिरिंजवर ०.०५ मिली म्हणजे २ युनिट, १०० युनिटच्या सिरिंजवर ५. सिरिंज कोणती ते आधी वाचा. उंदीर स्वयंपाकाच्या काट्यावर डब्यात बसवून तोला, तो आकडा डॉक्टरांना सांगा आणि मात्रा त्यांच्याकडूनच लिहून घ्या. थेंब दोन खांद्यांच्या मधोमध, केस बाजूला सारून थेट कातडीवर सोडायचा, म्हणजे तोंड पोचत नाही. वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. एकच उंदीर खाजवत असला तरी औषध दोघांनाही, आणि एकाच दिवशी.

कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनचं औषध उंदराला लावू नका. घरात मांजर असेल तर तिच्यासाठी ते जीवघेणं ठरतं.

अंघोळ घालायचीच तर कोमट पाणी आणि लहान बाळाचा शाम्पू. आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर पाणी लागताच पिसवा तोंडाकडं धावतात आणि डोळ्या-कानांत लपतात. नंतर टॉवेलनं नीट कोरडं करा. उंदराची फुप्फुसं नाजूक, गारठा लागला की सर्दी छातीत उतरते. अंघोळीनं त्या दिवसाच्या पिसवा जातात, इतकाच तिचा उपयोग.

प्रश्न : औषध लावून महिना झाला. उंदीर स्वच्छ आहेत, पण घरात पिसवा आहेतच. शहाबादी फरशी आहे, गोधड्या-सतरंज्या पुष्कळ, आणि दारात शेळ्या. काय राहिलं? (एक गृहिणी, वसमत)

उत्तर : राहिलं ते घर. जनावराच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्यातला साधारण वीसावा हिस्सा. बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात जमिनीवर असतं. मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. ती गुळगुळीत असतात, केसांत टिकत नाहीत, जनावर फिरेल तिथं सांडतात. दोन दिवस ते दोन आठवड्यांत अळी निघते. ती उजेड टाळते, म्हणून सतरंजीच्या विणीत, दिवाणाखाली, फरशीच्या सांध्यात शिरते आणि वरून पडलेल्या पिसवांच्या विष्ठेवर जगते. मग धूळ चिकटवून कोष करते. त्या कोषाच्या आत फवारा पोचत नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे दिवसाआड झाडलोट करा, पुढं सहा-आठ आठवडे आठवड्यातून दोनदा. झाडू नुसता वरवर नको. फरशीचे सांधे जुन्या टूथब्रशनं किंवा काडीनं उकरून काढा आणि निघालेला केर साबणाच्या पाण्यात बुडवून मगच बाहेर फेका. कोपऱ्यात टाकलेला केर दोन दिवसांत पिसवा परत देतो. सांधे कोरडे झाले की सिमेंटनं भरून घ्या. शेणानं सारवलेली जमीन असेल तर भेगा आधी मातीनं बुजवा, मग सारवा. अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात, आणि वाकळ जाड असेल तर दोन्ही बाजूंनी कडक उन्हात. आपलं मेचं ऊन अळ्यांना कोरडी करून मारतं, पण पोत्यांच्या थप्पीखाली, कडब्याच्या सावलीत ते पोचत नाही. मृगानंतर हवेत ओल आली की त्याच जागांतून पिसवा पुन्हा वर येतात.

पिंजऱ्यातलं सगळं अंथरूण पिशवीत बांधून टाकून द्या. कापडी झोळ्या उकळा. लाकडाचं घरटं असेल तर ते मोडीत काढलेलंच बरं, कारण त्याच्या भेगा धुऊन निघत नाहीत. तारेचा पिंजरा गरम साबणपाण्यानं घासून रिकामाच उन्हात ठेवा. रिकामाच, कारण उंदराला घाम येत नाही आणि परभणी-हिंगोलीच्या ४२ अंशांत तो अर्ध्या तासात कोसळेल. नवं अंथरूण म्हणून कागदाचे कपटे घाला. सुतारकामाचा भुसा नको, त्याची धूळ छातीला बाधते.

फवारणी करायचीच असेल तर मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधासोबत पायरीप्रॉक्सीफेनसारखं, अळीची वाढ रोखणारं औषध असलेलं निवडा, प्रमाण लेबलवरचंच. शेतातल्या कपाशीचं औषध घरात आणू नका. फवारताना उंदीर दुसऱ्या घरात हवेत, नुसता पिंजरा झाकून भागत नाही. फरशी पूर्ण वाळून चार तास खिडक्या उघड्या राहिल्यावरच त्यांना परत आणा. फवारल्यानंतरही दोन-तीन आठवडे नव्या पिसवा दिसतील. औषध नकली निघालं असं समजून लगेच दुसरं मारू नका, त्या जुन्या कोषांतून निघत असतात.

शेळ्यांवर आणि गल्लीतल्या कुत्र्यावर उपाय झाला नाही, तर हे सगळं पाण्यात. घरातल्या पिसवा बहुधा तिथूनच येतात.

पिसवा कमी होतात की नाही ते पाहायला रात्री परातीत पाणी घ्या, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घाला आणि वीतभर उंचीवर दिवा लावून ठेवा. उबेकडं उडी मारलेली पिसू साबणामुळं बुडते. सकाळी मोजा, वहीत लिहा. हा उपाय नाही, ही मोजदाद.

प्रश्न : दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलो, घर कुलूपबंद होतं. चार महिन्यांनी दार उघडलं तर पायांवर पिसवांचा सडा! रिकाम्या घरात त्या जगल्या कशावर? (एक वाचक, गेवराई)

उत्तर : कशावरच नाही. पूर्ण वाढलेली पिसू कोषातच थांबून राहू शकते, कित्येक आठवडे, सोयीची हवा असेल तर काही महिने. पायांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की सगळ्या एकदम बाहेर पडतात. पुढच्या वेळी जाताना अंथरूण उकळून पेटीत भरा आणि कोपरे झाडून जा. परतल्यावर लेकरांना बाहेर थांबवून आधी एकट्यानं आत जा, पायात पांढरे मोजे घाला, खोल्यांतून दहा मिनिटं धपधप चाला आणि मग झाडलोट-फवारणी करा. कोष फुटून पिसवा वर आलेल्या असतात तेव्हाच औषध लागू पडतं.

प्रश्न : माळवदाच्या भिंतीत रानटी उंदीर आहेत, त्यांच्यापासूनच आमच्या पाळीव उंदरांना पिसवा झाल्या असाव्यात. विषाच्या गोळ्या टाकू का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : गोळ्या नको, आणि काहीही करण्याआधी पिसवा माराव्या लागतील. उंदीर मेला आणि थंड पडला की पिसवा त्याला सोडून जवळच्या उबदार अंगाकडं जातात, मग ते पाळीव उंदराचं असो की तुमचं. क्रम असा : आधी बिळांची तोंडं आणि घर यांवर पिसवांचा उपाय, मग पिंजऱ्यानं रानटी उंदीर पकडणं, आणि शेवटी बिळं सिमेंटात काचेचा चुरा घालून बुजवणं. धान्याच्या बळद-कणगीची तोंडं झाका. विषाची गोळी रानटी उंदीर ओढत कुठंही नेतो, त्यामुळं पाळीव उंदरांच्या घरात सापळाच बरा. मेलेल्या उंदराला हात लावू नका, लांब चिमट्यानं उचला.

बीड जिल्ह्यातल्यांना हे नवीन नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मामला गावात पिसवांचा उपद्रव झाला, उंदीर मरून पडले आणि मग प्लेगचे संशयित रुग्ण निघाले. आज घरातली प्रत्येक पिसू प्लेगची असते असं नाही. पण कारण नसताना एकामागं एक उंदीर मेलेले दिसले, किंवा चाव्यांनंतर ताप येऊन जांघेत-काखेत दुखरी गाठ आली, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि उंदीर-पिसवांचं आवर्जून सांगा.

प्रश्न : कापूर, डांबरगोळ्या, कडुनिंबाचं तेल, रॉकेल? (एक वाचक, लातूर)

उत्तर : चारही नको. पहिल्या दोहोंचा वास उंदराच्या छातीत बसतो, तेल चाटलं जातं, रॉकेलनं कातडी भाजते.

प्रश्न : मादीला आठ पिल्लं झालीत आणि अंगावर पिसवा दिसतायत. औषध लावू का? (एक विद्यार्थिनी, उदगीर)

उत्तर : डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. तोवर मादीला दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं फणी करा आणि फणी दर वेळी साबणपाण्यात बुडवा. घरट्यातलं अंथरूण रोज थोडं थोडं बदला. सगळं एकदम बदललं तर ओळखीचा वास जातो आणि मादी बिथरते. पिल्लांची कातडी गुलाबी हवी. ती पांढुरकी दिसली, किंवा मादीचे कान आणि पायांचे तळवे फिके पडले, तर रक्त कमी झालंय. उदगीरलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच दिवशी घेऊन जा. वाटेत डब्याला भोकं असू द्या आणि जुन्या अंथरुणातलं मूठभर आत ठेवा.