जर्मन 'फिर्टल': सव्वादोन की पावणेतीन?

जर्मनमध्ये वेळ सांगताना 'फिर्टल ड्राय', शब्दशः 'पाव तीन', म्हणजे सव्वादोन, पावणेतीन की सव्वातीन, असा प्रश्न आला आहे. उत्तर सव्वादोन असे आहे. मात्र हा प्रयोग साऱ्या जर्मन मुलखात चालत नाही.

'फिर्टल' म्हणजे पाव, चौथा भाग: 'फिअर' म्हणजे चार आणि 'टाइल' म्हणजे भाग. या जोडशब्दातील 'टाइल' उच्चारात झिजून त्याचे 'टल' झाले आणि पुढे तोच अपूर्णांकांचा प्रत्यय ठरला. बर्लिन, सॅक्सनी, थुरिंगिया, नैऋत्य जर्मनीतील श्वाबेन आणि व्हिएन्ना या भागांत वेळ सांगताना चालू तास मोजतात. दोन वाजून गेले की तिसरा तास सुरू होतो, त्याचा पाव भाग सरला की 'फिर्टल ड्राय' आणि पाऊण सरला की 'ड्रायफिर्टल ड्राय', म्हणजे पावणेतीन. वायव्य जर्मनीत आणि ऱ्हाईनकाठी मात्र 'फिर्टल नाख त्स्वाय', म्हणजे दोननंतर पाव, असे म्हणतात, तर स्वित्झर्लंडमध्ये 'नाख'च्या जागी 'अप' येते. गंमत अशी की 'हाल्प ड्राय', म्हणजे अडीच, ही चालू तासाचीच मोजणी असूनही ती सर्वत्र बिनतक्रार चालते, आणि 'फिर्टल ड्राय' ऐकून गोंधळणारे ऱ्हाईनकाठचे लोकही ती रोज वापरतात.

मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. आपला 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आला आहे, म्हणजे ज्यातील तिसरा अर्धाच आहे असा; जुन्या जर्मनमधील 'ड्रिटहाल्प'ची घडण हुबेहूब तशीच आहे. तो शब्द आता मागे पडला असला, तरी दीड या अर्थाचा 'आंडरटहाल्प' अजून रुळलेला आहे. 'सव्वा' (सपाद) आणि 'साडे' (सार्ध) मात्र झालेल्या संख्येत भर घालतात, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही रीती एकत्र नांदतात, असे मला वाटते.

घड्याळाबाहेरही 'फिर्टल' हा शब्द प्रांतागणिक अर्थ बदलतो. ऑस्ट्रियात आणि श्वाबेनमध्ये मद्यालयात 'फिर्टल' मागितल्यास पाव लिटर वाइन मिळते. श्वाबेनमध्ये तिला लाडाने 'फिर्टले' म्हणतात. लोअर ऑस्ट्रिया प्रांताचे चार भाग 'फिर्टल'च आहेत, त्यांपैकी वाइनफिर्टल आणि वाल्टफिर्टल ही नावे सुपरिचित आहेत. शहराच्या पेठेलाही हाच शब्द लावतात, आणि ब्रेमेनमध्ये नुसते 'दास फिर्टल' म्हटले की एक ठरावीक वस्तीच समजली जाते.

परक्या गावात कोणाला भेटायचे ठरवताना मात्र 'त्स्वाय उअर फ्युन्फत्सेन', म्हणजे दोन वाजून पंधरा मिनिटे, असे सांगावे. ते सगळीकडे सारखेच कळते.