भूसुरुंग ‘जुना’ होत नाही

नोकरी सॅपर म्हणून केली, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर शाखेत. निवृत्तीनंतर लोक पूल-रस्त्यांबद्दल विचारतील असं वाटलं होतं. विचारतात ते सुरुंगांबद्दल. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाची फौज युक्रेनमध्ये घुसली, तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतायत. काहींची उत्तरं इथे देतो.

मुलगी ‘ऑपरेशन गंगा’तून परत आली होती. उरलेलं एमबीबीएस संपवायला आता ल्विव्हला जायचं म्हणते. तिकडे पश्चिमेला सुरुंग नाहीत म्हणतात, खरं का? (एक पालक, नाशिक)

ल्विव्ह आघाडीपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तिथे काळजी क्षेपणास्त्रांची, सुरुंगांची फारशी नाही. जाण्याचा निर्णय दूतावासाच्या ताज्या सूचना वाचून आणि विद्यापीठाशी बोलून घ्या. एजंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. सुट्टीत मैत्रिणीबरोबर आघाडीजवळच्या खार्किव किंवा खेरसोनकडच्या गावी जायचं निघालं, तर मात्र साफ नाही म्हणा. लाल पाटीवरचा ‘मिनी’, म्हणजे सुरुंग, हा युक्रेनियन शब्द तिला ओळखता आला पाहिजे. काही संशयास्पद दिसलं तर आल्या पावली मागे फिरायचं आणि 101 लावायचा.

गडचिरोलीतला भूसुरुंगस्फोट म्हणतात तो हाच का? (अमरावती)

नाही. तो हाताने बनवलेला स्फोटक साठा असतो आणि बहुतेक वेळा कुणीतरी लपून बसून तो उडवतो.

रशिया मुलांना मारण्यासाठी खेळण्यांच्या आकाराचे सुरुंग टाकतो असा व्हिडिओ पाहिला. (ठाणे)

व्हिडिओ बाजूला ठेवा. तो पीएफएम-1, रशियन बोलीत ‘लेपेस्तोक’, म्हणजे पाकळी. तळहाताएवढं प्लॅस्टिक, आत चाळीसेक ग्रॅम द्रव स्फोटक. पंखाचा आकार मुलांसाठी नाही. विमानातून किंवा रॉकेटमधून टाकल्यावर गिरक्या घेत सावकाश खाली यावा म्हणून आहे. मूळ कल्पना अमेरिकन सुरुंगाची, सोव्हिएत फौजेने ती उचलून अफगाणिस्तानात मुक्तहस्ते वापरली. मुलाला मात्र तो खेळण्यासारखाच दिसतो, आणि हेतू काय होता याने त्याच्या हाताला फरक पडत नाही. एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत. इझ्युम शहरात सापडलेल्या पाकळ्यांबाबत ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेने युक्रेनच्याच फौजेकडे बोट दाखवलं होतं.

युद्ध थांबलं की दोन-चार पावसाळ्यांत सुरुंग कुजून निकामी होतात असं एका माजी सैनिकाने सांगितलं. मग एवढा बाऊ कशाला? (सांगली)

ते माजी सैनिक कुठल्या शाखेतले होते ते विचारा. मला हे वाक्य पंचवीस वर्षं ऐकू येतंय.

बऱ्याच सुरुंगांचं कवच प्लॅस्टिकचं असतं आणि आतलं टीएनटी हे स्फोटक पाण्यात विरघळून जात नाही. पावसाने गंजतात ते स्प्रिंग, पिन असले सुटे भाग, आणि त्याने सुरुंग मरतोच असं नाही. कधी तो आणखी लहरी होतो. पूर्वी दाबाने फुटणारा आता नुसत्या हालवण्यानेही फुटू शकतो. अर्जेंटिनाने 1982 मध्ये फॉकलंड बेटं बळकावली. चढाई अडीच महिन्यांत आटोपली, पण तिथला शेवटचा सुरुंग निघाला नोव्हेंबर 2020 मध्ये. अडतीस वर्षं किनाऱ्याला कुंपणं होती. पेंग्विन वजनाला हलके म्हणून आत सुखाने नांदत होते, माणसाला मज्जाव.

पाऊस सुरुंग संपवत नाही, हलवतो. 6 जून 2023 रोजी काखोव्का धरण फुटलं आणि द्नीप्रोकाठचे सुरुंग पुराबरोबर भलतीकडे गेले. नकाशा असला तरी तो रद्दी. 2001-02 च्या ‘पराक्रम’ मोहिमेत आपण पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले. पेरणारे आपण, नोंदी आपल्या, काढणारेही आपणच. तरी राजस्थानात वाळूचे ढिगारे सरकले की मोजणी जुळेना. मग परक्या फौजेने घाईत पेरलेल्या आणि रॉकेटने उधळलेल्या सुरुंगांचा हिशेब कोण देणार?

युक्रेनने सुरुवातीला 1,74,000 चौरस किलोमीटर जमीन संशयित धरली. अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त. एवढ्या सगळ्या जमिनीत सुरुंग आहेत असा याचा अर्थ नव्हे, आणि तपासणीनंतर आकडा बराच उतरलाही. पण संशय आहे तोवर ट्रॅक्टर घालता येत नाही. तुम्ही द्राक्षवाले असाल तर बांधापलीकडे पाऊल टाकायची चोरी म्हणजे काय ते मी सांगायला नको. काही शेतकरी थांबले नाहीत, ट्रॅक्टरला पत्रे ठोकून रिमोटने चालवू लागले. त्यांची अडचण कळते, पण अशाने जमीन साफ होत नाही. यंत्र फिरलं तरी मागून माणूस, डिटेक्टर, कुत्रा यांपैकी कुणीतरी इंच इंच तपासल्याशिवाय प्रशिक्षित पथक दाखला देत नाही, आणि दाखल्याशिवाय नांगर घालू नये.

एक कंपनी एक किलोमीटरवरून स्फोटकं ओळखणारं, बॅटरीशिवाय चालणारं हातातलं यंत्र युक्रेनला विकणार आहे. वितरक म्हणून पाच लाख मागतात. (पिंपरी)

देऊ नका. अशाच एका यंत्राचं नाव एडीई 651 होतं. मूठ आणि तिच्यावर सैल फिरणारी अँटेना, बाकी काही नाही. इराकने ते घेऊन बगदादच्या नाक्यांवर उभं केलं. बॉम्बच्या गाड्या समोरून निघून गेल्या. मुळात ते गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायचं म्हणून विकलं जाणारं खेळणं होतं. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला 2013 मध्ये ब्रिटिश न्यायालयाने दहा वर्षं दिली. सही करण्याआधी वकिलाला भेटा. आधीच केली असेल तर सायबर पोलिसांना.

सुरुंगांवर जागतिक बंदी आहे ना? (पुणे)

ज्यांनी मान्य केली त्यांच्यापुरती. 1997 च्या ओटावा करारात रशिया, अमेरिका, चीन, पाकिस्तान नाहीत, आपणही नाही. युक्रेन होता, 2025 मध्ये त्यानेही बाहेर पडायचं ठरवलं. पोलंड, फिनलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनीही. शेजारी चढाई करतो या भीतीने बाकीचे पेरायला मोकळे होतायत. पेरणं सोपं असतं.

आजोबांनी 1971 च्या लढाईहून आठवण म्हणून आणलेला एक गोळा शोकेसमध्ये आहे. मोकळा आहे असं मामा म्हणतात. पॉलिश करून घेऊ का? (सातारा)

हात लावू नका, उचलू नका, मामांनाही दूर ठेवा. खोलीचं दार ओढून घ्या आणि 112 लावा. बॉम्बशोधक व नाशक पथक येईल. गोळा मोकळा आहे की नाही ते त्यांना ठरवू द्या. हा प्रश्न तुम्ही टपालाने पाठवलात. त्यात आठ दिवस गेले.