बारा इंची फिगरला खऱ्या गणवेशाचं कापड शिवलं, तरी ते खोटं का दिसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘शोले’तल्या गब्बरची बारा इंची फिगर, म्हणजे संग्राहक ठेवतात तशी हुबेहूब छोटी प्रतिकृती, तुम्ही सजवताय. पडद्यावर दिसतो तस्साच पोशाख हवा म्हणून गणवेशाचं खरं ड्रिल (तिरक्या विणीचं जाड सुती कापड) आणलंत, मापं नीट घेऊन शिवलंत, आणि अंगावर चढवल्यावर शर्ट पुठ्ठ्यासारखा उभा राहिला. आता कापड कोणतं घ्यायचं, आणि रंग हिरवा धरायचा की खाकी?

मी नाशिकला रविवार कारंज्याजवळ दिवसा ब्लाउज शिवते आणि गेली अकरा वर्षं संध्याकाळी फिगरचे कपडे. सुरुवातीला मीही खऱ्या जीन्सचा पाय कापून फिगरची जीन्स शिवली होती, त्यामुळे तुमच्या शर्टाचं काय झालं असेल ते डोळ्यांसमोर आलं. तुमचं शिवणकाम चुकलेलं नाही, कापडाची निवड तेवढी बदला.

फिगर एकास सहा प्रमाणात आहे. माणूस सहापट लहान झाला, कापड होतं तेवढंच राहिलं. ड्रिल साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं, म्हणजे फिगरच्या हिशेबात तीन मिलिमीटर. गब्बरला तुम्ही सतरंजीचा शर्ट घातलाय. जाडीपेक्षाही मोठी अडचण वाकण्याची आहे. आम्ही शिलाईवाले ‘कापडाला फॉल चांगला आहे’ म्हणतो, तेव्हा कापड स्वतःच्या वजनानं किती सहज खाली पडतं ते सांगत असतो. कापडाचा कडकपणा त्याला सरळ ठेवतो, वजन त्याला खाली ओढतं. सहापट लहान माणसावर तशाच घड्या पडायच्या तर वजनाच्या मानानं कडकपणा सहाच्या घनानं, म्हणजे २१६ पटीनं कमी हवा. असं कापड बाजारात नाही. म्हणून मूळचं कापड मिळवण्याचा हट्ट सोडा. पडद्यावर कापड जसं पडलेलं दिसतं, तसं पडणारं कापड शोधा.

ते शोधायची एक परीक्षा आहे. कापडाच्या प्रयोगशाळांत ती यंत्रावर करतात, मी शिवणाच्या टेबलावर करते. एक इंच रुंद आणि वीतभर लांब अशी उभ्या धाग्याची पट्टी कापा. टेबलावर आडवी ठेवून वर मोजपट्टी दाबा आणि कापड हळूहळू कडेबाहेर सरकवा. टोक खाली झुकत जाईल. प्रयोगशाळेत ४१.५ अंशांच्या उताराला टोक टेकलं की थांबतात. आपल्याला चौकोनी कागद तिरका दुमडून केलेला त्रिकोण टेबलाच्या कडेला धरला तरी पुरतो. आता बाहेर आलेली लांबी मोजा. माझ्याकडच्या ड्रिलची पट्टी आठ सेंटिमीटर बाहेर आली तेव्हा कुठे झुकली. धुऊन मऊ झालेल्या मलमलची साडेतीनला. फिगरचा हात कोपरापासून मनगटापर्यंत जेमतेम चार सेंटिमीटर असतो. जे कापड वाकायला आठ सेंटिमीटर मागतं, ते चार सेंटिमीटरच्या बाहीत चुणी कुठून पाडणार? ही परीक्षा केल्याशिवाय मी आता मीटरभरही कापड घेत नाही. दुकानदार कटपीसमधून पट्टी कापू देतात, फक्त आधी विचारा.

तर गब्बरच्या शर्टाला घ्या जुनं धोतर. मी हे अगदी मनापासून सांगते आहे. वर्षानुवर्षं धुतलेलं मलमलचं धोतर किंवा आजीची विरत आलेली सुती नऊवारी यांच्याइतकं तलम आणि आज्ञाधारक कापड नव्यात मिळत नाही. त्यातली खळ केव्हाच गेलेली असते, धागा मऊ झालेला असतो. घरात नसेल तर मेनरोडला ब्लाउजपीसच्या दुकानात सुती रुबिया मागा, शंभर टक्के सुती आहे ना हे विचारून. पँटला किंचित अंग हवं, तिथे केंब्रिक चालेल. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या मागावरचं कोरं सुती कापड मी पँटसाठी वापरते, पण ते खळीचं असतं. गरम पाण्यात साबण टाकून दोनदा उकळल्याशिवाय त्याला कात्री लावू नका. टेरिकॉट आणि पॉलिस्टरच्या मिश्रणांपासून लांब राहा. ती चकाकतात, आणि फिगरवर चकाकी सहापट डोळ्यांत भरते.

‘पण ड्रिलची तिरकी वीण दिसायला हवी ना?’ असं तुमच्या मनात येईल. खऱ्या माणसाचा शर्ट पाच-सहा फुटांवरून पाहिला तर ती वीण दिसते का? फिगर तुम्ही फूटभरावरून बघता, म्हणजे माणूस सहा फुटांवर उभा असल्यासारखं. त्या अंतरावर जे दिसत नाही ते दाखवलं की कापड भरड वाटतं आणि फिगर बाहुली होते. चौकटी आणि रेघांचंही तेच. अर्ध्या इंचाची चौकट दोन मिलिमीटरची हवी, तेवढी बारीक छापील मिळत नसेल तर मी फॅब्रिक पेननं हातानं आखते. येवल्याच्या पैठणीच्या तुकड्यातून फिगरला नऊवारी नेसवा म्हणणारे लोकही माझ्याकडे येतात. त्या मोराची चोच फिगरच्या तळहातापेक्षा मोठी भरते. मी साधं तलम रेशीम घेते आणि काठ हातानं भरते.

आता रंग. इथे मी सावकाश सांगते, कारण बहुतेकांचं काम इथेच बिघडतं.

‘पडद्यावरचा रंग’ म्हणजे कोणत्या पडद्यावरचा? ‘शोले’ १९७५ चा. छायालेखक द्वारका दिवेचांनी तो ३५ मिमीवर चित्रित केला आणि मग ७० मिमीवर मोठा केला. चित्रीकरण झालं त्या कर्नाटकातल्या रामनगरच्या उघड्या खडकांवरचं ऊन, वर ती धूळ. गणवेशाचा मूळ रंग काहीही असो, त्या उन्हात तो पिवळसर दिसतो आणि सावलीत हिरवा. त्यातून ईस्टमनकलर या जुन्या रंगीत फिल्मच्या प्रिंटमधला निळसर थर काळानुसार आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी-तांबूस होत जातं. तुम्ही जर इंटरनेटवरचा असा एखादा फोटो समोर ठेवून रंग जुळवत असाल, तर तुम्ही कापडाचा नव्हे, फिल्म खराब झाल्याचा रंग जुळवताय. २०२५ मध्ये या चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. शक्य असेल तर त्यातलं एकच दृश्य निवडा आणि फक्त त्याच्याशी इमान ठेवा. चार दृश्यांतून चार छटा घेतल्यात तर पोशाख कुठल्याच दृश्यातला वाटणार नाही.

आपल्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवा. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे, लाल वस्त्र पडद्यावर काळं उमटे. एका संग्राहकानं माझ्याकडून त्या काळच्या पडद्यावरच्या राणीचा पोशाख मागितला तेव्हा आम्ही तासभर बोललो आणि शेवटी मी तो पूर्ण राखाडी छटांत केला. आजही तो माझ्या सर्वांत आवडत्या कामांपैकी आहे.

गब्बरच्या शर्टाचा हिरवट खाकी मी डाळिंबाच्या सालीतून काढते. सटाणा-मालेगावकडची डाळिंबं नाशिकच्या बाजारात भरपूर येतात, रसवाल्याकडून साली फुकट मिळतात. दोन डाळिंबांच्या वाळवलेल्या साली अर्धा लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, त्यात ओलं कापड तासभर ठेवा. ते पिवळं होईल. मग दुसऱ्या भांड्यात कोमट पाण्यात चिमूटभर, अगदी चिमूटभरच, हिराकस (लोखंडाचा क्षार) विरघळवा आणि कापड त्यात बुडवा. पिवळा बघता बघता हिरवट राखाडीकडे वळतो. मी लाकडी काठीनं कापड वर उचलून दर दहा सेकंदांनी पाहते, कारण ओल्यात दिसणारा रंग वाळल्यावर एक छटा फिका पडतो आणि हवी ती छटा क्षणात पुढे निघून जाते. हिराकस जास्त झालं तर रंग काळपट होतो आणि सुती धागा वर्ष-दोन वर्षांत विरून जातो. निवडलेल्या दृश्यापेक्षा किंचित फिकाच ठेवा. लहान वस्तूवर तोच रंग गडद भासतो. घामाचे आणि धुळीचे डाग नंतर: काखेत, पाठीवर चहाचं पाणी, कोपर-गुडघ्यांवर बारीक पॉलिशपेपर, आणि शेवटी कोरड्या ब्रशनं थोडी गेरू-माती.

शिवताना मशीनला नऊ नंबरची सुई लावा आणि टीप इंचाला वीस-बावीस येईल इतकी बारीक करा. कॉलरला बक्रम (आतून घालतात ते कडक कापड) घालू नका. खिशाची झाकणं एकेरी कापडाची कापा, कडेला पाणी घातलेलं फेव्हिकॉल ब्रशनं फिरवा म्हणजे दुमडावं लागत नाही आणि धागेही निसटत नाहीत. खिसे आतून उघडे ठेवायची गरज नाही, वरून टीप पुरे. बटण दोन मिलिमीटरच्या आतलं हवं. मी जुन्या प्लॅस्टिक कार्डातून पंचनं चकत्या काढते.

काडतुसांच्या पट्ट्याला रेक्झिन मात्र वापरू नका. मी एका फिगरचं जाकीट फार सुंदर मऊ रेक्झिनचं केलं होतं. चौथ्या पावसाळ्यानंतर ते खपल्या धरून गळायला लागलं, कारण वरचा पॉलियुरेथेनचा थर दमटपणात आतून तुटत जातो. ज्यांना दिलं होतं त्यांनी काही म्हटलं नाही, पण मला फार वाईट वाटलं, आणि मी ते बकऱ्याच्या चामड्यात पुन्हा करून दिलं. चप्पल शिवणाऱ्याकडे अस्तराचं पातळ चामडं मिळतं. तो ते रापीनं (चामडं तासायच्या हत्यारानं) अर्ध्या मिलिमीटरपर्यंत तासूनही देतो.

आणखी एक, गडद रंग फिगरच्या अंगात उतरतो. कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत गरम पाण्यात धुवा आणि शर्टाच्या आत अंगाच्या रंगाच्या जुन्या स्टॉकिंगचा थर चढवा.

एवढं करूनही कापड पूर्ण पडणार नाही, ते २१६ पट आपण कुठेच गाठलेलं नाही. तेव्हा उरलेलं हातानं करायचं. फिगर हव्या त्या पवित्र्यात उभी करा. शर्टावर पाण्याचा फवारा मारा, कोपराच्या आत, काखेखाली, पट्ट्याच्या वर जिथे त्या दृश्यात चुण्या दिसतात तिथे सुईच्या टोकानं चुण्या बसवा आणि साध्या दोऱ्याचे सैल वेढे देऊन त्या धरून ठेवा. खालच्या कडेच्या दुमडीत आतून बारीक तांब्याची तार घाला म्हणजे कड वजनानं खाली येईल. पंख्याखाली रात्रभर राहू द्या आणि सकाळी दोरा खालून वर सोडवत आणा.