'वूड एनग्रेव्हिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की व्हिक्टोरियन काळातल्या परीकथांच्या एका पुस्तकाबद्दल 'वूड एनग्रेव्हिंग्ज' असा शब्द आलाय, त्याचा अनुवाद 'लाकडी कोरीवकाम' केला तर चालेल का. माझ्या मते नाही चालणार. कोरीवकाम म्हटलं की डोळ्यासमोर वाड्याचे खांब नाहीतर देव्हारा येतो, आणि इथे तर कागदावर छापलेलं चित्र आहे. मी सरळ 'लाकडी ठशाचं चित्र' म्हणेन.

आता वूडकट पण लाकडी ठसाच, मग फरक काय? वूडकटला उभी चिरलेली फळी घेतात आणि सुरीने काम करतात. एनग्रेव्हिंगला खोड आडवं कापून जी चकती निघते तिच्यावर काम, तेही बॉक्सवूडसारखं टणक लाकूड, त्यामुळे लाकडाचे तंतू मध्ये येत नाहीत आणि कोरणी पाहिजे तशी वळते. फरक दाखवायचाच असेल तर 'सुरीचा ठसा' आणि 'कोरणीचा ठसा' म्हणा, कोशातले शब्द नाहीत पण वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आणि 'कोरलेल्या रेषा' असं तर अजिबात लिहू नका! तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली रेघ शाई धरते आणि काळी उमटते, लाकडात बरोब्बर उलटं, कोरून काढलेला भाग पांढरा राहतो. 1865 च्या 'ॲलिस इन वंडरलँड' या पुस्तकातली जॉन टेनिएलची 42 चित्रं बघा, काळ्या रेघांच्या जाळीतला एकेक पांढरा ठिपका डॅल्झील बंधूंच्या ठसे कोरायच्या कारखान्यातल्या कुणीतरी कोरून काढलाय, केवढी चिकाटी!

हा कोरलेला लाकडी ठोकळा छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांच्याच उंचीचा असायचा म्हणून मजकुराच्या मधोमध बसायचा आणि दोन्ही एकदमच छापून निघायचं, तांब्याच्या पत्र्याला वेगळा प्रेस लागायचा. चित्रकार जॉन गिल्बर्टने शेक्सपिअरच्या नाटकांसाठी काढलेली शेकडो चित्रं पानोपानी मजकुरात मिसळलेली दिसतात ती त्यामुळेच, ठोकळे परत डॅल्झीलांचेच.

एक विनंती, अशा चित्रात बऱ्याचदा दोन सह्या असतात, एक काढणाऱ्याची नि एक कोरणाऱ्याची. अनुवादात फक्त 'चित्रं : टेनिएल' एवढंच येतं, तिथे 'चित्रं टेनिएल, कोरणारे डॅल्झील' असं लिहा ना.