वाचकांचे प्रश्न : चढत्या बेरजेचा घोळ आणि वेळेवरचा एएसएन

प्रश्न : आम्ही टर्निंगचे भाग करतो. ग्राहक कंपनीच्या शेड्यूलप्रमाणेच माल पाठवतो, तरी कधी त्यांच्याकडे जादा पडून राहतो, तर कधी 'शॉर्ट' म्हणून फोन येतो. शेड्यूलमधले 'क्युम्युलेटिव्ह'चे रकाने आम्ही बघत नाही. – एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : दुखणं त्या न बघितलेल्या रकान्यांतच आहे. वाहन उद्योगातलं शेड्यूल म्हणजे सुट्या ऑर्डरींची यादी नव्हे, ती चढती बेरीज असते. वर्षाच्या सुरुवातीपासून ग्राहकाला मिळालेले नग, तुम्ही पाठवलेले नग आणि अमुक तारखेपर्यंत हवे असलेले नग, असे तीन आकडे लागतात. समजा मिळालेले १२,४००, पाठवलेले १२,९०० आणि १४ तारखेपर्यंत हवेत १४,०००. मधले ५०० वाटेत आहेत किंवा त्यांच्या गेटवर जीआरएनच्या (माल मिळाल्याच्या नोंदीच्या) रांगेत. तेव्हा पाठवायचे १४,००० वजा १२,९००, म्हणजे १,१००. मिळालेला आकडा वजा केलात तर १,६०० जातील, त्यातले ५०० फुकटचे. बिनमध्ये (माल भरायच्या पेटीत) २४ नग बसत असतील तर ४६ बिन भरा. १,१०४ जातील आणि वरचे ४ पुढच्या खेपेला आपोआप वळते होतील.

हा हिशेब मुख्यतः दोन वेळा बिघडतो. पहिली वेळ रिजेक्शनची. ग्राहकाने नाकारलेले ६० नग आपल्या बेरजेतून काढले आणि तुम्ही काढले नाहीत, तर तुमच्या लेखी ते कायमचे 'वाटेत' राहतात आणि तेवढाच माल कमी जातो. काही कंपन्या बेरजेला हात न लावता बदली माल वेगळा मागतात. तुमचा ग्राहक काय करतो ते त्याच्या लॉजिस्टिक्स मॅन्युअलमध्ये पाहा, तिथे नसेल तर ईमेलवर लेखी घ्या. दुसरी वेळ बेरीज शून्यावर आणतात तेव्हाची. कुणी १ जानेवारीला आणतं, कुणी १ एप्रिलला. त्या रात्री ५०० नग वाटेत असतील तर तुमची नवी बेरीज ५०० पासून सुरू होते. ती शून्यापासून धरली की वर्षभर फरक मागे लागतो.

ईडीआयच्या, म्हणजे संगणकातून संगणकात थेट येणाऱ्या, शेड्यूलवर सहसा ग्राहकाला शेवटच्या मिळालेल्या चलनाचा नंबर असतो. त्या चलनापर्यंतची तुमची बेरीज त्यांच्या आकड्याशी दर सोमवारी ताडून पाहा. फरक त्याच दिवशी कळवा, तीन महिन्यांनी कुणी ऐकून घेत नाही.

प्रश्न : एक जर्मन आणि एक अमेरिकी ग्राहक ईडीआय मागतात. सगळं काम एक्सेलवर चालतं. काय विकत घ्यावं? – प्लॅनिंग विभागातील वाचक, वाळूज

उत्तर : संदेशाचा साचा वेगळा आणि तो वाहून नेण्याची वाट वेगळी, हे आधी लक्षात घ्या. जर्मन कंपन्यांकडे शेड्यूलसाठी पूर्वीपासून व्हीडीए (जर्मन वाहन उद्योग संघटना) हिचा साचा ४९०५ आणि एएसएनसाठी (माल निघाल्याच्या आगाऊ सूचनेसाठी) ४९१३ चालत आले. त्यांच्या जागी एडिफॅक्ट या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेले ४९८४ आणि ४९८७ आले. वाट बहुधा ओएफटीपी२ ही फाइल पाठवण्याची पद्धत. अमेरिकी ग्राहक एक्स१२ हे साचे वापरतात: अंदाजाचं शेड्यूल ८३०, प्रत्यक्ष पाठवणीचं ८६२ आणि एएसएन ८५६. तिथे वाट म्हणून एएस२ नेहमीचं. वीस-पंचवीस पार्ट नंबर असतील तर आमच्या मते स्वतःची यंत्रणा उभारू नका, ब्राउझरमध्ये चालणारं वेब-ईडीआय पुरे.

त्याआधी पार्ट मास्टर (भागांची मूळ यादी) साफ करा, सगळी रडकथा तिथून सुरू होते. एक्सेल नंबराच्या सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं. मध्ये 'ई' असलेला ४५१२ई०५ सारखा नंबर त्याला घातांक वाटतो आणि त्याचे ४५ कोटी होतात. म्हणून रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मगच पेस्ट. एकक नग की किलो, बिनमधली संख्या आणि ड्रॉइंगचं रिव्हिजन हेही ग्राहकाच्या नोंदीशी अक्षरशः जुळवा.

ओएफटीपी२च्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली की शेड्यूलची फाइल गुपचूप थांबते आणि प्लॅनिंगवाला जुन्याच शेड्यूलवर मशीन लावतो. ठरलेल्या वेळेपर्यंत फाइल आली नाही तर मोबाइलवर इशारा येईल अशी सोय करून घ्या. तुमच्या फाइलला ग्राहकाची पोच आली म्हणजे ती वाचता आली, एवढंच. आतला आकडा बरोबर आहे, असं पोच सांगत नाही.

प्रश्न : ई-इन्व्हॉइस झाल्यावर लोडिंगला दोन बिन कमी निघाले. आता? – डिस्पॅच विभाग, चाकण

उत्तर : आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) २४ तासांच्या आत रद्द करता येतो, पण ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटी कागद) चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. रद्द केलेला इन्व्हॉइस नंबर पुन्हा वापरता येत नाही. एएसएनही नव्या इन्व्हॉइसवर पुन्हा काढा. २४ तास उलटले असतील तर क्रेडिट नोट. फक्त गाडी बदलली असेल तर यातलं काही नको, ई-वे बिलाचा भाग-ब (गाडीचा तपशील) सुधारा.

खरा उपाय क्रम उलटा करणं हाच. आधी बिनची लेबलं स्कॅन करा आणि स्कॅन झालेल्या नगांवरूनच इन्व्हॉइस व एएसएन निघू द्या. (क्यूआर कोड १९९४ मध्ये डेन्सो वेव्हने वाहनांच्या सुट्या भागांसाठीच काढला, चहाच्या टपरीवर तो नंतर पोचला.) चाकणमधल्या चाकणमध्ये गाडी अर्ध्या तासात गेटवर उभी राहते. संध्याकाळी एकगठ्ठा पाठवलेला एएसएन तोवर शिळा झालेला असतो.

प्रश्न : दोन महिन्यांचं टेंटेटिव्ह (अंदाजी) शेड्यूल पाहून बार स्टॉक (कच्च्या मालाचे धातूचे दांडे) आणला आणि शेड्यूल खाली आलं. नुकसान कुणाचं? – एक पुरवठादार, नाशिक

उत्तर : ८३० किंवा डेल्फॉर (एडिफॅक्टमधलं तसंच शेड्यूल) प्रकारच्या शेड्यूलमध्ये दोन अधिकृत मर्यादा देता येतात: इथपर्यंत माल बनवा आणि इथपर्यंत कच्चा माल घ्या. त्याही चढत्या बेरजेतच असतात. मर्यादेच्या आतल्या मालाची जबाबदारी ग्राहक घेतो, मात्र ते खरेदी करारात लिहिलेलं हवं. पोर्टलवरच्या एक्सेल शेड्यूलमध्ये असे रकाने नसतील तर पर्चेस ऑर्डरमध्ये अट घालून घ्या. तीही घालत नसतील तर स्वतःचा पुरावा जमवा. प्रत्येक शेड्यूल तारखेसह जपून ठेवा. एकाच आठवड्यासाठी चार आठवडे आधी किती सांगितलं होतं आणि शेवटी किती उचललं, हे पार्टनिहाय मांडा. १,००० सांगून सातत्याने ७८० च्या आसपास उचलत असतील तर फर्म (पक्क्या) महिन्याचा बार पूर्ण घ्या आणि टेंटेटिव्हचा ८० टक्केच.