सगळ्यालाच ‘कदाचित’?

प्रश्न असा: ‘परहॅप्स’, ‘पॉसिबली’, ‘प्रॉबेबली’, ‘लाइकली’ या चारही शब्दांना मराठीत ‘कदाचित’ लिहिलं तर काय बिघडलं?

‘परहॅप्स’ला काहीच बिघडत नाही. ‘पॉसिबली’लाही चालून जाईल. ‘प्रॉबेबली’ला मात्र बिघडतं, आणि बरंच. ‘पॉसिबल’ म्हणजे अशक्य नाही, एवढंच. लॉटरी लागणं पॉसिबल असतं, प्रॉबेबल नसतं. ‘प्रॉबेबल’मध्ये पारडं होण्याच्या बाजूला झुकलेलं असतं आणि त्याला ‘बहुधा’, ‘बहुतेक’ हे आपले शब्द तयार आहेत. ‘ही विल प्रॉबेबली कम’चं तुम्ही ‘तो कदाचित येईल’ केलंत, तर त्याच्यासाठी कोणी खुर्ची राखून ठेवणार नाही.

खरं तर दर वेळी वेगळा शब्द लागतोच असंही नाही. ‘ही हॅज प्रॉबेबली लेफ्ट’ला ‘तो निघाला असेल’ पुरतं. आणि दाराशी त्याच्या चपला दिसत नसतील तर ‘निघाला असावा’. ‘असेल’ हा नुसता अंदाज, ‘असावा’मागे काहीतरी खूण असते. क्रियापदातच ही सोय असताना त्यावर पुन्हा ‘कदाचित’ची ठिगळं कशाला लावायची?

‘लाइकली’ मुळात विशेषण. शेवटी ‘ली’ आहे म्हणून क्रियाविशेषण समजून फसायचं नाही, ‘फ्रेंडली’लाही तो आहेच. म्हणून ‘इट इज लाइकली टू रेन’ सगळीकडे चालतं. ‘इट विल लाइकली रेन’ ही अमेरिकेतली रोजची रीत. ब्रिटिश वळणाच्या लेखनात ते खटकतं, तिथे आधी ‘व्हेरी’ किंवा ‘मोस्ट’ लावतात. मला स्वतःला ते आता खटकेनासं झालंय. अर्थाने हा शब्द ‘प्रॉबेबली’च्याच घरातला, त्यामुळे ‘बहुधा’ किंवा ‘दाट शक्यता’.

हा ‘दाट’ किती दाट, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नसतं. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तचर विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे असं लिहिलं. त्यांच्यातले एक वरिष्ठ विश्लेषक शर्मन केंट यांच्या मनात तेव्हा ६५ विरुद्ध ३५ असं प्रमाण होतं. मजकूर तयार करणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांनी विचारलं, तर कुणाच्या मनात २० टक्के, कुणाच्या ८०! सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं वाक्य, आणि अर्थ ज्याचा त्याचा. असे घोळ होऊ नयेत म्हणून हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालांत आकडेच बांधून दिलेत: ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९०. रोजच्या ईमेलमध्ये अर्थातच असं कोष्टक नसतं. तिथलं ‘आय विल प्रॉबेबली जॉइन’ हा पुष्कळदा सभ्य नकार असतो.

जाता जाता ‘चान्स’बद्दल. इंग्रजीत तो बऱ्यावाईट दोन्हींचा असतो. मराठीत ‘संधी’ मात्र चांगल्याचीच. ‘संसर्ग होण्याची संधी जास्त’ असं वाक्य मी डोळ्यांनी वाचलंय. तिथे ‘धोका’ हवा. आणि ‘पाऊस पडण्याची शक्यता असू शकते’ यात शक्यतेचीही शक्यता झाली. ‘शक्यता आहे’ म्हणा आणि थांबा.

शेवटी इंग्रजी लिहिताना आपल्याकडून हमखास होणारी एक चूक. ‘मे’ आणि ‘बी’ तोडून लिहिले की ते क्रियापद: ‘ही मे बी लेट’. वाक्याच्या सुरुवातीला ‘कदाचित’ म्हणायचं असेल तर जोडून, एक शब्द: ‘मेबी ही इज लेट’. बोलताना दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात, म्हणून मेसेजमध्ये ही फट राहून जाते. ओळखायचं कसं? त्या जागी ‘परहॅप्स’ घालून बघा. वाक्य उभं राहिलं तर फट बुजवा.